शाळा सोडताना लिहून घेतलेली वही: लॉइश्टटुर्म १९१७, ए-५, ठिपक्यांची

धाकट्या भावाची शाळा यंदा संपते आहे. निरोप समारंभाची तारीख कळली आणि त्याने लगेच विचारलं, "ताई, सगळ्यांकडून लिहून घ्यायला वही कुठली घेऊ?" मी शाळा सोडताना जी वापरली होती तीच घे म्हणून सांगितलं. त्याला कारणं सांगता सांगता ती इतकी झाली की म्हटलं, नीट लिहूनच काढू. वहीबद्दल लोक लिहितात ते बहुतेक ती नवी असताना, पहिली चार पानं लिहून. माझी वही भरून, मिटून आता बरीच वर्षं झाली. कशाची शाई राहिली, कशाची उडाली, शिवण कुठे सैल झाली, हे सगळं आज मी पान उघडून दाखवू शकते.

आधी वहीची ओळख. लॉइश्टटुर्म ही जर्मन कंपनी, १९१७ ची, म्हणून नावात ते साल. वही पुठ्ठ्याच्या कडक बांधणीची, १४५ बाय २१० मिलिमीटर, म्हणजे ए-५ च्या जवळपास. दप्तरात मावते आणि मांडीवर ठेवूनही लिहिता येतं. कागद ८० जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ८० ग्रॅम, आणि आम्लरहित. पानं २५१, आणि प्रत्येक पानावर क्रमांक छापलेला. सुरुवातीला अनुक्रमणिकेसाठी रिकामी पानं, खुणेला रिबीन, मिटून ठेवायला इलॅस्टिकचा पट्टा, मागच्या पुठ्ठ्याला आतून एक खिसा. शेवटचे ८ कागद छिद्रांच्या रेषेवरून फाडून काढता येतात. रेघांची, चौकटींची, कोरी आणि ठिपक्यांची अशा प्रकारांत मिळते. ठिपक्यांची घ्या. ज्याला लिहायचंय त्याला ठिपक्यांवरून ओळ सरळ धरता येते आणि ज्याला चित्र काढायचंय त्याच्या आड रेघ येत नाही. वर्गात दोन्ही प्रकारचे लोक असतात.

आता मुद्द्याची गोष्ट: पानांचे क्रमांक आणि अनुक्रमणिका. वरवर पाहता ही कार्यालयीन सोय वाटेल, पण निरोपाच्या वहीला यापेक्षा महत्त्वाचं काहीच नाही असं माझं ठाम मत आहे.

साधी वही वर्गात फिरवली की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पहिलं पान सगळ्यात जवळच्या मैत्रिणीला, पुढची पानं त्याच टोळीला. मग वही मधल्या बाकांवर अडकते. शेवटच्या बाकावर पोचेपर्यंत शेवटचा दिवस उजाडतो आणि उरलेले पंधरावीस जण घाईघाईने एकाच पानावर "ऑल द बेस्ट" लिहून सही करतात. ज्यांच्याशी वर्षभर बोलणं कमी झालं, नेमके तेच त्या पानावर कोंबले जातात. शाळा संपल्यावर ज्यांची पुन्हा गाठ पडण्याची शक्यता सगळ्यात कमी, तेही तेच.

मी वही वाटण्याआधी हजेरीपटावरची नावं अनुक्रमणिकेत उतरवली आणि प्रत्येकाला चार पानं ठरवून दिली. हिशोब सोपा आहे. पहिलं पान आपल्यासाठी ठेवायचं. हजेरी क्रमांक १ ला पान २ ते ५, क्रमांक २ ला ६ ते ९. क्रमांकाला चारने गुणा, दोन वजा करा, की त्याचं पान सापडलं. क्रमांक १७ चं पान ६६. सम क्रमांकाचं पान डावीकडे येतं, त्यामुळे प्रत्येकाला समोरासमोरच्या पानांच्या दोन पूर्ण जोड्या मिळतात आणि कुणाचा मजकूर दुसऱ्याच्या पानासमोर येत नाही. ४५ जणांचा वर्ग असला तर १८१ व्या पानावर वर्ग संपतो आणि पुढची ७० पानं शिक्षकांना, ग्रंथालयाला, फाटकावरच्या काकांना, दुसऱ्या तुकडीतल्या मित्रांना उरतात.

हजेरीचा क्रम मी मुद्दाम घेतला. तो मैत्री बघत नाही. इतकी वर्षं रोज सकाळी ज्या क्रमाने नावं कानावर पडली त्याच क्रमाने माणसं वहीत बसली, आणि माझ्या अगदी जवळच्या मैत्रिणीच्या शेजारी असा मुलगा आला ज्याच्याशी मी क्वचितच बोलले होते. त्याच्या हातात वही गेली तेव्हा अनुक्रमणिकेत स्वतःचं नाव आणि पुढे पानाचा आकडा पाहून त्याने विचारलं, "हे माझ्यासाठी आधीपासून ठेवलंय?" त्याने चारही पानं लिहिली. आमच्या वर्गाच्या खिडकीतून काय काय दिसायचं ते सगळं: कोपऱ्यावरची पाण्याची टाकी, दुपारी पत्र्यावर येऊन बसणारी मांजर, तिसऱ्या तासाला समोरच्या गच्चीवर वाळत पडणारे कपडे. तीच खिडकी मी रोज बघत होते आणि यातलं निम्मं मला दिसलंच नव्हतं. वही नुसती फिरवली असती तर तो सही करून मोकळा झाला असता, याबद्दल मला शंका नाही.

वर्गात अतिशय शांत असणाऱ्या एका मुलीने पेन्सिलने लिहिलं. मी एकदा तिला गणिताची रीत समजावून दिली होती, त्या दिवसाची तिची बाजू तिथे आहे. तेव्हा ती शाळा बदलायचा विचार करत होती, हे मला त्या पानावर कळलं. वर्गात सगळ्यांना हसवणाऱ्याने मात्र एकच ओळ लिहिली आणि बाकीची जागा कोरी ठेवली. ती तशीच आहे. चार पानं दिली म्हणजे चार पानं भरलीच पाहिजेत असं नाही. आपल्यासाठी जागा राखलेली आहे हे समोरच्याला कळणं पुरतं, मग तो ती कशी वापरतो हा त्याचा अधिकार.

ग्रंथालयाच्या बाईंनी लिहिण्याआधी तारखेचा शिक्का मारला, पुस्तक परत केल्यावर मारायच्या तोच. त्याच्याखाली मी इतक्या वर्षांत त्यांच्याकडून नेलेल्या पुस्तकांपैकी त्यांना आठवणाऱ्यांची यादी त्यांनी केली. ते पान मी सगळ्यात जास्त वेळा उघडते.

मागचे फाडता येणारे कागद आणि पुठ्ठ्यातला खिसा यांचा उपयोग मला वही घेताना सुचला नव्हता. आमच्या वर्गातली एक मैत्रीण वर्षाच्या मध्येच वडिलांच्या बदलीमुळे गाव सोडून गेली. हजेरीपटावर तिच्या नावावर रेघ होती, अनुक्रमणिकेत मी ती मारली नाही. तिची चार पानं ठेवली, मागचा एक कागद सरळ फाडून पाकिटात घातला आणि पोस्टाने पाठवला. त्याच कागदाच्या दोन्ही बाजू भरून परत आल्या. कागद वहीचाच, ठिपके तेच, त्यामुळे तो वेगळा वाटत नाही. तो मी तिच्या पानांवर न चिकटवता खिशात ठेवला आणि तिच्या पानावर फक्त "खिशात पाहा" असं लिहिलं. आजारपणामुळे शेवटचे आठवडे शाळेत न आलेल्यांसाठी, नोकरी सोडून गेलेल्या शिक्षकांसाठी हे कागद वापरा. ८ आहेत, पुरतात.

दुकानात छापील स्लॅम बुक मिळतात, भावानेही आधी तेच विचारलं होतं. मी घेऊ नको म्हटलं. आवडता रंग, आवडता नट, टोपणनाव, "माझ्याबद्दल एक शब्द" अशा छापील प्रश्नांपुढे अर्धी ओळ जागा असते आणि माणूस अर्ध्या ओळीएवढंच बोलतो. शिवाय प्रश्न दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेले. ज्याने ते छापले त्याला आमच्या वर्गाची खिडकी माहीत नव्हती. फोनवरच्या समूहात संदेश लिहून घेण्याबद्दल मी फार बोलत नाही. तिथे हस्ताक्षर नाही, आणि मला हस्ताक्षरच हवं होतं.

आता शाई. इथे थोडं थांबते, कारण वही कितीही चांगली असली तरी त्यात लिहिणारे पन्नास जण पन्नास पेनं घेऊन येतात.

साधं बॉलपेन सर्वात निर्धोक. त्याची शाई तेलकट, घट्ट असते, ८० जीएसएम कागदात झिरपत नाही आणि लगेच सुकते. तिच्यातल्या काही रंगांना उजेड सोसत नाही, पण वही मिटलेली असते, त्यामुळे माझ्या वहीतली बॉलपेनची पानं पहिल्यासारखीच आहेत. जेल पेनांत दोन जाती असतात. रंगकणांची म्हणजे पिगमेंट शाई सुकली की पाण्याने हलत नाही, विरघळणाऱ्या रंगाची पसरते. फाउंटन पेनची बहुतेक शाई दुसऱ्या जातीची. तिची अक्षरं देखणी येतात, पण या गुळगुळीत कागदावर ती सावकाश सुकते, आणि डावखुऱ्यांचा हात ओल्या अक्षरांवरूनच जातो. आमच्यात एक डावखुरी होती. तिच्यासाठी वहीत टिपकागदाचा तुकडा ठेवला होता. पेन्सिलीबद्दल लोकांना उगीच धास्ती असते. ग्राफाइट म्हणजे कार्बनच, उजेडाने किंवा काळाने तो फिका पडत नाही, फक्त घासू द्यायचा नाही. त्या शांत मुलीची पानं अजून स्पष्ट आहेत, मी मधे बटर पेपर घातला आहे.

जपायचं ते घासून पुसता येणाऱ्या पेनांपासून. शाळेत ही पेनं खूप चालतात, चूक झाली की मागच्या रबराने घासलं की अक्षर जातं. पण रबर ते अक्षर खरवडत नाही. घासल्याने ऊब तयार होते आणि ती शाई साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे रंगहीन होते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. वही माझ्या घरी परत आल्यावर दप्तरात पाण्याची बाटली सांडली, कडेची पानं ओली झाली आणि बाबांनी ती केस वाळवायच्या यंत्राने वाळवली. गरम झोत एका मैत्रिणीच्या पानावरून गेला आणि डोळ्यांदेखत सगळा मजकूर नाहीसा झाला. बाबा फार वाईट वाटून घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, घाबरू नकोस, गोठव. ही शाई शून्याखाली १०-२० अंशांपर्यंत गार झाली की परत दिसायला लागते, आणि घरातल्या फ्रीझरचं तापमान उणे १८ च्या आसपास असतं. वही दोन पिशव्यांत घट्ट बांधून रात्रभर ठेवली. सकाळी अक्षरं परत आली, थोडी फिकी. मैत्रिणीला बोलावलं आणि तिच्याकडूनच तिची अक्षरं पिगमेंट शाईने गिरवून घेतली. तिने गिरवता गिरवता खाली आणखी एक परिच्छेद वाढवला.

म्हणून माझं सांगणं: वहीबरोबर दोन पेनं आपणच द्या, इलॅस्टिकच्या पट्ट्यात अडकवून. खोक्यावर आयएसओ १२७५७-२ असं लिहिलेलं बॉलपेन किंवा आयएसओ २७६६८-२ लिहिलेलं जेल पेन मिळालं तर उत्तम. दस्तऐवजांसाठीच्या शाईची ही मानकं आहेत आणि त्यांत शाई उजेडात, पाण्यात, खोडताना आणि रसायनांपुढे टिकते का हे तपासलेलं असतं. अल्कोहोलचे मार्कर मात्र कुणालाही या वहीत वापरू देऊ नका. ८० जीएसएमच्या अशा कागदातून ते आरपार जातात आणि पलीकडच्याचं पान वाया जातं. साध्या पेनाचं लिखाणही मागच्या बाजूने पुसट दिसतं, पण वाचायला अडचण येत नाही. चकाकीच्या जेल पेनांची शाई नीट सुकत नाही, तिचे कण समोरच्या पानाला लागतात.

कागद पिवळा पडेल का, असं भावाने विचारलं. वर्तमानपत्राचा पडतो, कारण त्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं आणि उजेड-हवेने ते रंग बदलतं. आम्लरहित चांगल्या कागदाला ती भीती फारच कमी. माझ्या वहीची पानं मुळातच किंचित पिवळसर पांढरी होती, आजही तशीच आहेत. डाग आहेत ते चिकटवलेल्या वस्तूंचे.

त्याविषयीही सांगते, कारण शेवटच्या दिवसांत प्रत्येकाला काहीतरी चिकटवावंसं वाटतं. पारदर्शक चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा आणि तेलकट होतो, पट्टी सुटते आणि डाग मात्र राहतो. फोटो लावायचेच तर कागदी कोपरे वापरा. सहलीच्या बसचं तिकीट एकाने मोठ्या प्रेमाने लावलं होतं. आज तिथे कोरा कागद आहे, कारण यंत्रातून येणारी अशी तिकिटं उष्णतेने रंग बदलणाऱ्या कागदावर छापलेली असतात आणि तो छाप आपोआप उडतो. सुदैवाने त्याने शेजारी तारीख, आसनाचा क्रमांक आणि शेजारी कोण बसलं होतं ते पेनाने लिहिलं होतं. तिकीट लावाच, पण त्यावर काय आहे ते बाजूला उतरवून ठेवा.

बांधणी शिवलेली आहे. कागद दुमडून त्याचे फर्मे करतात आणि ते दोऱ्याने एकमेकांना शिवतात, त्यामुळे वही कुठेही उघडली तरी टेबलावर सपाट राहते आणि मधल्या पानांवरही अगदी शिवणीपर्यंत लिहिता येतं. नुसत्या गोंदाने जोडलेल्या वह्या अशा उघडत नाहीत, जोर लावला की पानं सुटी होतात. फोटोंच्या जाडीने माझी वही पोटात फुगली आहे आणि पट्टा आता ताणून लावावा लागतो, पण एकही पान सुटलेलं नाही.

वही कधी फिरवायला द्यायची हेही वहीइतकंच महत्त्वाचं आहे. शेवटच्या दिवशी नको. त्या दिवशी सगळे रडत असतात, फोटो काढत असतात, पालक बाहेर थांबलेले असतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यातही नको. अभ्यासक्रम संपून उजळणी सुरू होते तेव्हा द्या, आणि एकेकाला एका रात्रीसाठी घरी नेऊ द्या. घरी एकट्याने बसून लिहिलेलं आणि बाकावर चारजण वाकून बघत असताना लिहिलेलं यांत फार फरक पडतो, आणि माझ्या वहीतली जी पानं मी आजही वाचते ती जवळजवळ सगळी घरी लिहिलेली आहेत. दुसऱ्याची पानं वाचायची नाहीत, एवढा एकच नियम मी पहिल्या पानावर लिहिला होता. सोबत हजेरी क्रमांकांची यादी आणि पुढे कुणाकडे द्यायची ते. वर्गबाईंना आधी सांगून ठेवा. आमच्या बाईंनी वही कुठे अडकली आहे हे दर सोमवारी विचारलं, म्हणून ती शेवटपर्यंत पोचली.

आणि पहिलं पान स्वतः भरा, वही देण्याआधी. तिथे मी वर्गाचा नकाशा काढला होता, कोण कुठे बसतं तो. नावं आठवतात, पण कोण कुणाच्या मागे बसायचं हे फार लवकर विसरतं.

राहता राहिला प्रश्न कोणती प्रत घ्यायची. याच वहीची १२० जीएसएमची आवृत्तीही निघते. कागद जाड, मागचं लिखाण फारसं दिसत नाही, पण पानं २०३. चार पानांच्या हिशोबात तिच्यात ५० जण बसतात आणि शिक्षकांसाठी जवळजवळ काहीच उरत नाही. चित्रं काढणारे, फाउंटन पेनने लिहिणारे बरेच असतील आणि वर्ग चाळिशीच्या आसपास असेल तर ती घ्या. वर्ग मोठा असेल तर ८० जीएसएमचीच बरी.